डुक्कर फियाटचं रेसिंग इंजिन

१६ ऑगस्ट १९७८, बुधवार

आजपासून रोजनिशी. बेअरिंगवाल्या एजंटाने जानेवारीत दिलेली डायरी आजवर चहाच्या कपाखाली होती. पहिल्या पानावर गोल डाग आहे. चालेल. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी. पुढे कुणी विचारलं तर तारीखवार सांगता येतं.

मोठं काम म्हणजे रेसिंगचं इंजिन. उद्यमनगरात, आपल्या दुकानात. पंपाचे बुश आणि पुल्या पुष्कळ झाल्या. बारा नोव्हेंबरला मोटार क्लबवाले विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यत लावणार आहेत. त्यात आपली डुक्कर फियाट पहिली आणायची. गाडी जुनी आहे, नाक गोल आहे, म्हणून लोक डुक्कर म्हणतात. म्हणू देत.

ख्वाजाला अजून सांगितलेलं नाही. ख्वाजा म्हणजे आमचा फिटर. लेथ माझा, जुळणी त्याची. मी धातू कापतो, तो त्याचं इंजिन उभं करतो. दुकान उघडलं तेव्हापासून हे असंच. काल झेंडावंदनाहून आल्यावर चहा पिताना म्हणाला, "पुण्याच्या कारखान्यात फोरमनची जागा मिळालीया. एक डिसेंबरला हजर व्हायचं हाय." मी म्हटलं, बरं.

जात नाही तो. मागे दुबईलाही जाणार होता. पासपोर्टसाठी फोटो काढले. फोटो चांगले आले म्हणून एक दुकानात मीटरच्या वर लावला. फोटो अजून तिथे आहे आणि माणूस फोटोखाली.

तरी इंजिन करायचंच. शर्यत जिंकली की बाहेरून कामं येतील. ख्वाजाच्या हाताला शोभेल असं काम. मग पुण्याला काय ठेवलंय? पण इंजिन ख्वाजाला थांबवण्यासाठी नाही. इंजिन इंजिनासाठी. हे स्पष्ट असावं म्हणून लिहून ठेवतो.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. तंबाखू बंद. चिडणे नाही.

१७ ऑगस्ट

साडेसातला उठलो. संकल्पांच्या विचाराने रात्री झोपच लागली नाही.

१८ ऑगस्ट

ख्वाजाला सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, "डुकराला पळवणार?" मग विचारलं, किती कॉम्प्रेशन धरायचं. मी आकडा सांगितला. त्याने दुसरा सांगितला. कागद मागितला. चहा गार झाला. ख्वाजाचा चहा कधी गार होत नाही.

पुणं गेलं म्हणून समजा.

तंबाखू: एकदाच. तीही चर्चेच्या ओघात.

२७ ऑगस्ट

गाडीतून इंजिन काढलं. पाठ धरली. झुंबर (आमची मंडळी) दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अवो, इंजन काढल्यावर गाडीत काय ठिवायचं?" म्हटलं, अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. म्हणाली, आईला हुपरीहून आणायचं होतं, तिने काय अडीच महिने दारात उभं राहायचं? एस.टी. आहे म्हटलं. त्यानंतर जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

इंजिन उघडलं. आत मणभर काळा चिखल. ख्वाजा बोटाने पुसून बघत होता. अशा वेळी तो हळू बोलतो. एरवी दुकानाबाहेरच्या माणसालाही ऐकू जाईल असा आवाज.

३ सप्टेंबर

ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाची, चार भोकं मोठी करायची. जुनी झिजलेली भिंत कापून नवी, गुळगुळीत. भोक मोठं म्हणजे पिस्टन मोठा, पिस्टन मोठा म्हणजे ताकद जास्त. हे काम माझं. यात ख्वाजाने बोलायचं नाही असं सकाळीच सांगितलं.

तीनदा माप घेतलं. तीन मापं आली. मधलं धरलं. लोकशाही आहे.

४ सप्टेंबर

तीन भोकं बरोबर. चौथं चार थाऊ मोठं झालं. थाऊ म्हणजे केसाएवढं. चार केस. माणसाच्या डोक्यावर किती असतात!

ख्वाजाने आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "मालक, ही हीर कुणाच्या शेतातली?" चिडला की तो मला मालक म्हणतो. एरवी हंबीर.

५ सप्टेंबर

बाकीची तीन भोकंही चौथ्याएवढी केली. आता चारही सारखी. ताकद उलट वाढली. असं आधीच ठरवायला हवं होतं, तशीच मनात कल्पना होती.

१२ सप्टेंबर

गणपतीमुळे काम नाही. कृष्णातच्या फाउंड्रीत पिस्टन ओतायला दिले आहेत. कृष्णातने गणपतीच्या पायावर हात ठेवून सांगितलं, विसर्जनाच्या आत देतो. विसर्जन कुठल्या वर्षीचं ते सांगितलं नाही.

मी चिडलो नाही. फक्त दरवाजा जरा जोरात लागला. कृष्णातच्या दरवाजाची बिजागरी मुळातच सैल होती.

२१ सप्टेंबर

पिस्टन आले. आतून जाळीदार. चाळणी म्हणून उत्तम. एक टेबलावर ठेवला आहे, बिड्यांची राख झाडायला. बाकीचे परत.

ख्वाजा म्हणतो, कृष्णातला दे सोडून. मी म्हटलं, कोल्हापूरचं इंजिन, कोल्हापूरचाच पिस्टन. म्हणाला, "कोल्हापूरचा राग सुदिक हाय की. त्यो पण घालू का आत?"

२८ सप्टेंबर

दुसरी खेप बरी. ख्वाजाने एकेक पिस्टन वाजवून बघितला, कान लावून. दोन नापास. तिसऱ्या खेपेला चार जमले. कृष्णात इतका खूश झाला की आम्हाला मिसळ खायला घेऊन गेला. तिखट होती. पोट बिघडलं. उद्या सुट्टी.

१ ऑक्टोबर

भांडण. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक. ख्वाजा म्हणतो, त्यातून जेवढं निघेल तेवढं लोखंड काढून टाक, हलकं कर. मी म्हटलं, आयुष्यभर पंपाची इंजिनं केली, चाक जड तेवढं इंजिन ठाम. म्हणाला, "ह्ये हिरीवर बसवायचं हाय व्हय? ऊस पाजायचाय त्येला?" मी म्हटलं, दुकान कुणाचं? म्हणाला, "तुमचंच की, मालक." मग दिवसभर मालक, मालक.

जेवण एकत्र केलं नाही. त्याने त्याचा डबा लेथच्या पलीकडे उघडला. त्याच्या बायकोच्या, मेहमुदाभाभींच्या, हातच्या खिम्याचा वास येत होता. मीही मागितला नाही.

३ ऑक्टोबर

फ्लायव्हील हलकं करायची एक कल्पना सुचली. ख्वाजाला सांगितली. तो म्हणाला, झकास कल्पना. अशा माणसाबरोबर काम करण्यात मजा आहे.

खिमा मिळाला.

६ ऑक्टोबर

मेहमुदाभाभी दुकानात आल्या होत्या. सहसा येत नाहीत. पोत्याची सुतळी मागत होत्या, बांधाबांधीला. म्हणाल्या, "भाऊ, कपाट ट्रकनं जाईल ना चांगलं? काच हाय त्याला." म्हटलं, जाईल. दिवाळीची साफसफाई दिसते. बायकांना घरातलं सामान हलवायची हौस असते.

सुतळी दिली. जरा जुनीच दिली. नवी कुजते लवकर.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

यंत्रांना सुट्टी. दरवर्षीप्रमाणे लेथ, ड्रिल, ग्राइंडर धुऊन हळदकुंकू, झेंडूचे हार. लेथला हार नेहमी ख्वाजाच घालतो, पहिल्या वर्षापासून. त्याने घातल्याशिवाय मी नारळ फोडत नाही.

यंदा मधल्या टेबलावर आमचा ब्लॉक. खालची बाजू वर करून ठेवला होता, साफ, चकचकीत. त्याच्यात तेल जायला छोटी छोटी भोकं असतात. प्रत्येक भोकात मी एकेक झेंडू खोवला. फार शोभून दिसलं. झुंबरसुद्धा म्हणाली, छान. गेल्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच छान म्हणाली.

ख्वाजा म्हणाला, "भोकात काय घालू नको रं. हार घाल वरनं." म्हटलं, आज देवाचा दिवस आहे, आज फिटरने सुट्टी घ्यावी. नारळ ब्लॉकच्या कोपऱ्यावर फोडला. एका फटक्यात फुटला. शुभ.

ख्वाजाने प्रसाद घेतला, ब्लॉकवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. नमस्कार करत होता की ताप बघत होता, कळलं नाही.

१३ ऑक्टोबर

जुळणी परवा. ब्लॉक धुवायचं काम माझ्याकडे घेतलं. ख्वाजाला तेवढाच आराम. धुतला. म्हणजे पुसला. फुलं काढली, कुंकू पुसलं, फडका फिरवला. पाठ दुखत होती. ख्वाजाने विचारलं, "धुतलास? भोकांत वारं मारलंस?" हो म्हटलं. हवा तर दुकानात दिवसभर वाहतेच.

१५ ऑक्टोबर

जुळणी.

हे लिहिताना थकलो आहे. मन मात्र चांगलं आहे. ख्वाजा जुळणी करताना रेडिओ बंद करतो. फडका पसरतो, त्यावर सगळे भाग ओळीने मांडतो, आणि मग त्यांच्याकडे नुसता बघत बसतो. मी पाना पुढे करायचा. तो मागत नाही, हात पसरतो, मी त्यात बरोबर तोच पाना ठेवतो. चुकत नाही. घरी झुंबरने मीठ मागितलं तर मी हळद देतो.

क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता कणा, बसला. ख्वाजाने एका बोटाने फिरवला. सुळ्ळकन फिरला. त्याने माझ्याकडे बघितलं.

अशा माणसाला पुण्यात कोण पाना देणार? तिथे भिंतीला टांगलेले असतात म्हणे, आपले आपण घ्यायचे.

२२ ऑक्टोबर

इंजिन गाडीत बसवलं. गाडीच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. शेजारच्या बनाबाईंची. तिला उठवण्यावरून बोलाचाली. शेवटी सीटसकट कोंबडी बनाबाईंकडे दिली. रेसिंगच्या गाडीला मागची सीट नसतेच.

इंजिन सुरू करायला गेलो, तर सुरू होण्याऐवजी कार्बोरेटरमधून जाळ बाहेर आला. ख्वाजाने दोन वायरी उलट लावल्या होत्या. माझी उजवी भुवई गेली. त्याच्याही हातून चुका होतात. मुद्दाम नोंद करून ठेवतो.

वायरी बदलल्या. सुरू झालं.

काय आवाज! गल्लीतल्या पत्र्यांना कंप सुटला. कृष्णात धावत आला. बनाबाई म्हणाल्या, म्हैस पान्हा चोरते आहे. ख्वाजाने मोठा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली, डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो तसा.

एक गोष्ट: हे इंजिन हळू चालत नाही. वेग कमी केला की धुपतं, खोकतं, आचके देतं. ख्वाजा म्हणाला, रेसचं इंजिन असंच असतंय, हळू चालवलं की रुसतंय. थोडी माझ्यासारखीच तब्येत. (आचके नाहीत, रुसवा.)

३० ऑक्टोबर

दिवाळी. फराळ ख्वाजाच्या घरी पोचवला. घरात जमिनीवर ट्रंका, बोचकी. भिंतीवर कपाटाच्या जागी चौकोनी पांढरा डाग. भाभींनी कपाट विकून टाकलं म्हणे, ट्रकचा भरवसा नाही. सफाईचं खूळ एवढं वाढू नये.

गणपतराव पेंटरला पाटीचं सांगितलं. आता पाटीवर फक्त माझं नाव आहे. नवीन: हंबीरराव आणि ख्वाजा, रेसिंग इंजिन्स. शर्यत जिंकल्यावर लावायची. आधी सांगण्यात मजा नाही. पाटी वर चढेल तेव्हा तो खाली उभा राहून वाचेल. मग बघू पुणं.

गणपतराव म्हणाला, आताच रंगवून ठेवतो, उशीर नको. म्हटलं, घाई कशाला.

११ नोव्हेंबर

सगळी तयारी झाली. डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा पहिल्यापासून उगीच लागतो. गाडी घेतली तेव्हापासून. लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यावर झुंबरची एक टिकली चिकटवली. मोठी, मरून रंगाची. शकुनाचंही झालं.

जिंकल्यावर चार शब्द बोलावे लागतील. आरशासमोर बोलून पाहिले. भुवई अजून अर्धीच आली आहे. डाव्या बाजूने फोटो काढायला सांगावा.

१२ नोव्हेंबर, रविवार

शर्यत झाली.

१३ नोव्हेंबर

काल पाठ फार दुखत होती. आज लिहितो.

सात गाड्या होत्या. आम्ही शर्यतीत होतो, हे आधी लिहिलं पाहिजे. निशाण पडलं आणि आमची गाडी सुटली. खरंच सुटली. दोन बाजूंच्या गाड्या मागे गेल्या. मी पहिला होतो. अर्ध्या धावपट्टीपर्यंत मी पहिला होतो, हे कुणीही नाकारू शकत नाही. टिकलीच्या कडेने लाल उजेड दिसत होता. म्हटलं, उगीच.

मग आतून कुणीतरी लोखंडी दार आपटल्यासारखा आवाज, आणि इंजिन जागच्या जागी गच्च. गाडी आपल्या वेगाने थोडी पुढे गेली आणि थांबली. बाकीच्या सहाही गेल्या.

ख्वाजा धावपट्टीवरून पळत आला. इतका पळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं मला काही झालं का बघायला येतोय. आला आणि त्याने आधी बॉनेट उघडलं. बरोबरच आहे.

उचगावचा एकजण ट्रॅक्टरने दोरी बांधून आम्हाला परत घेऊन आला. सबंध वाटभर मागे वळून विचारत होता, "पावणं, गाडी नवी घेतलीसा का?"

चार शब्द बोलायची वेळ आली नाही. गणपतराव पेंटर प्रेक्षकांत होता. माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागला. भला माणूस.

१५ नोव्हेंबर

इंजिन उघडलं. ख्वाजाने क्रँक काढला. एक बेअरिंग जळून काळं झालं होतं. तेल पोचत नव्हतं. हळू चालताना झिरपत होतं, जोर पडल्यावर पुरलं नाही. तेलाच्या भोकात ख्वाजाने बारीक तार घातली आणि ओढली.

झेंडू. देठासकट. पाकळ्या दाबून दाबून वातीसारख्या झालेल्या, रंग मात्र तसाच पिवळा.

ख्वाजाने तो हातावर घेतला. मला वाटलं आता मालक म्हणेल. "धुतला म्हणालतास की," एवढंच म्हणाला. मग हसायला लागला. खाली बसून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला आधी राग आला, मग मीही हसलो. कृष्णात आला, त्यालाही सांगितलं. तोही हसला. देवाने प्रसाद परत दिला, म्हणाला.

घरी आल्यावर हसू आलं नाही. जिंकलो असतो. खरंच जिंकलो असतो.

झेंडू फार सुवासिक नसतो. यापुढे मोगरा वापरावा. नको, काहीच वापरू नये.

१७ नोव्हेंबर

वाटलं होतं आता इंजिन असंच पडणार. दुकानात गेलो तर ख्वाजा माझ्या आधी येऊन ब्लॉक धुतोय. रॉकेलने. प्रत्येक भोकात वारं मारून, पलीकडे हात धरून वारं येतंय का बघतोय. मी विचारलं, आता कशाला, शर्यत तर झाली. म्हणाला, "असं अर्धं टाकून जाऊ व्हय?"

जाऊ म्हणाला. पण म्हणण्याची पद्धत असते. ज्याला जायचंय तो नवीन बेअरिंग कशाला बसवेल? विचार करण्यासारखी गोष्ट आहे. मला तर स्पष्ट दिसतंय.

२१ नोव्हेंबर

क्रँक मी घासून दिला. माप सात वेळा घेतलं. सातही वेळा एकच आलं. ख्वाजाने आपलं माप लावून बघितलं आणि म्हणाला, "हंबीर, ह्ये तुझं आजवरचं सगळ्यात भारी काम." त्याने असं कधीच म्हटलं नव्हतं.

चिडणे नाही, हा संकल्प आठवडाभर पाळला गेला. तंबाखूचं विचारू नये.

२५ नोव्हेंबर

पुन्हा जुळणी, पुन्हा फडका, पुन्हा हात पसरायचा आणि पाना ठेवायचा. आज मी एकदा चुकलो. त्याने चुकीचा पाना परत दिला नाही, खाली ठेवला आणि हात पुन्हा पसरला.

इंजिन सुरू केलं. मागच्या वेळी गर्जना होती, आता गळा स्वच्छ. बनाबाईंची म्हैससुद्धा काही बोलली नाही. ख्वाजाने स्क्रूड्रायव्हर लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "आता ह्ये पळंल."

पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा आहे. वर्षभर आहे की वेळ. त्याला तसं म्हटलं. तो हात पुसत राहिला. ऐकू आलं नसेल. इंजिन चालू होतं.

२७ नोव्हेंबर

ख्वाजाने किल्ल्या दिल्या. दुकानाच्या. त्याच्याकडचा जोड. उद्या सकाळची पुण्याची गाडी आहे म्हणाला. सामान ट्रकने गेलं. लेक शहाजादी इचलकरंजीला दिलेली आहे, तिला कालच भेटून आले. उद्या फक्त दोघं, दोन पिशव्या आणि एक ट्रंक.

म्हटलं, स्टेशनला मी सोडतो. आपल्या गाडीतून. नको म्हणत होता, रिक्षा हाय की. मी ऐकलं नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

सविस्तर लिहितो.

सकाळी निघताना झुंबरला म्हटलं, चौघांचा भात टाक. म्हणाली, चौघं कोण? म्हटलं, टाक तर खरं.

पेट्रोल भरलं. चाकांत हवा बघितली. चारही. मग स्टेपनीत. मग पुन्हा पुढची दोन. सुरक्षितता महत्त्वाची. ख्वाजाच्या दारात पोचलो तेव्हा दोघं ट्रंकेवर बसून होते. भाभींनी सीट नसलेल्या जागी चादर अंथरली, बसल्या. स्टेशनवर पोचलो तर गाडीचा शेवटचा डबा वळणाआड जात होता.

मला वाईट वाटलं. खरंच सांगतो, वाईट वाटल्यासारखं वाटलं. म्हटलं, जाऊ दे, नशीब. घरी चला, झुंबरने भात टाकलाय, उद्याचं उद्या बघू. डिसेंबर काय पळून जात नाही. ख्वाजा फलाटाकडे बघत होता. मग वळून बॉनेटकडे बघितलं.

"मिरजंला गाठू की," तो म्हणाला.

म्हटलं, कसं शक्य आहे? रेल्वे आहे ती.

म्हणाला, "का? नुसतंच आवाज करतंय व्हय तुझं इंजन?"

असं बोलायला नको होतं त्याने. दुसरं काहीही बोलला असता तर चाललं असतं.

शिरोलीपर्यंत मला आठवत नाही. शिरोलीनंतर रस्ता मोकळा झाला आणि मी दाबलं. डुक्कर फियाट पळाली. आयुष्यात मी असली गाडी चालवली नव्हती. झाडं नुसती मागे. भाभी मागे ट्रंक धरून अल्लाचं नाव घेत होत्या. ख्वाजा एक हात डॅशबोर्डवर ठेवून, मान तिरकी करून ऐकत होता आणि ओरडत होता, "आणि दाब! आणि हाय त्येच्यात!" होतं. जेवढं मागितलं तेवढं होतं. हातकणंगल्याच्या पुढे रूळ दिसले आणि रुळांवर ती दिसली. आम्ही तिच्या शेजारी आलो. खिडकीतली माणसं आमच्याकडे बघत होती. एका पोराने हात हलवला. मग इंजिन मागे पडलं. रेल्वेचं. ख्वाजाने टाळी वाजवली आणि माझ्या पाठीत असा रट्टा घातला की अजून दुखतंय. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो माहीत नाही. टिकली काढून टाकली होती, दिवा लागला नाही.

जयसिंगपूर, अंकलीचा पूल, मिरज.

मिरजेच्या फलाटावर पोचलो तेव्हा गाडीचा पत्ता नव्हता. हमाल म्हणाला, वेळ आहे अजून, बसा. आम्ही बसलो. चहा घेतला. भाभींनी ट्रंकेवर हात ठेवला. ख्वाजा म्हणाला, "काय पळालं रं." मी म्हटलं, फ्लायव्हील हलकं केल्याचा फायदा. तो म्हणाला, तुझीच कल्पना. हसलो.

मग वेळच वेळ होता. त्या वेळेचं काय करायचं, कळेना. तेव्हा डोक्यात आलं की हा वेळ मीच मिळवून दिला. सकाळी चार चाकांची हवा बघून जे साधलं होतं, ते मी स्वतःच्या पायाने, पूर्ण दाबून, घालवलं. कोल्हापुरात दुसरं कुठलंही इंजिन असतं तर ख्वाजा आत्ता आमच्याकडे भात खात असता.

गाडी आली. ट्रंक मी चढवली. त्याला पाटीचं सांगणार होतो. आता सांगून काय. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "हंबीर, जाताना हळू चालवू नको. धुपतंय."

गाडी सुटली. मला रडू आलं. हमाल बघत होता म्हणून नाक शिंकरलं.

परत येताना हळू यायचं होतं. घरी जायची घाई नव्हती. पण वेग कमी केला की इंजिन खोकायला लागलं, आचके द्यायला लागलं. ख्वाजाने सांगितलं होतंच. शेवटी परतही जोरातच यावं लागलं. जेवणाच्या वेळेआधी पोचलो. झुंबरने दारात बघितलं, माझ्या मागे बघितलं. दोन ताटं उचलून आत ठेवली.

भात उरला.

२९ नोव्हेंबर

सकाळी फोडणीचा भात.

दुकान उघडलं. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे होत्या, कुठली लावायची यात जरा वेळ गेला. पंपाचे बुश आले आहेत. गणपतराव पेंटर येऊन पाटीचं विचारून गेला. म्हटलं, आहे तीच पुसून घे.

लेथ चालू करून हात पसरला. मग स्वतःच उठून पाना घेतला.

संध्याकाळी भातच. झुंबर म्हणते, टाकवत नाही.